टाकीचं झाकण

१

विषुववृत्ताच्या दक्षिणेला, मलूराच्या शिवारात जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा, आणि ऐन उन्हाळ्यात टॅमसिनचा दिवस पाण्यापासून सुरू व्हायचा. पहाटे पाचला उठायचं, काळा चहा घशाखाली ओतायचा, पिकअप काढायची आणि चारही पाणवठे बघून यायचे. हौदात पाणी सोडणारा फ्लोट अडकला तर हौद भरत नाही, आणि पंचेचाळीस अंशांत हौद कोरडा पडला की दुसऱ्या संध्याकाळी मेंढ्या आडव्या दिसतात. यात डोकं चालवण्यासारखं काही नव्हतं. जायचं आणि बघायचं.

त्या मंगळवारी पिकअपचा गिअरबॉक्स फाटकातच बसला. नवा भाग शुक्रवारच्या टपालगाडीने येणार होता. शेजारी म्हणावं असं एकच घर, तेही साठ किलोमीटरवर, आणि ते सगळे सुट्टीला समुद्रावर गेलेले. तीन पाणवठे जवळचे होते, ते टॅमसिन पायी बघू शकत होती. चौथा बारा मैलांवर होता. तिथे तीनशे चाळीस मेंढ्या होत्या.

"शेडमध्ये लेनी काकाची मोटरसायकल आहे," ती नाश्त्याला म्हणाली.

तिच्या वडिलांनी, मर्व्हने, तव्यातलं मटण उलटलं. "ती गाडी नाही."

"मग काय आहे? कपाट?"

"ती फाटकाबाहेर जात नाही, टॅम. विषय संपला."

"बरं. मग मेंढ्यांना पत्र टाकते. शुक्रवारपर्यंत तहान लावून घेऊ नका म्हणून."

"कॉलेजात जीभ चालवायलाच शिकवतात वाटतं," बेरिल आत्या चहाच्या किटलीआडून म्हणाली.

"नाही आत्या, ती घरचीच आहे."

या घरात टॅमसिनने वयाच्या चौथ्या वर्षापासून विचारलेल्या निम्म्या प्रश्नांना 'विषय संपला' हेच उत्तर मिळालं होतं. म्हातारी माणसं विषय संपवतात, सोडवत नाहीत, असं तिचं मत होतं, आणि ते ती लपवतही नसे.

 मर्व्हच्या खुब्यात लोखंड होतं, त्याला काठीशिवाय फाटकापर्यंतही जाववत नव्हतं. शेवटी त्याने खुंटीवरचा हातातला रेडिओ काढून तिच्यापुढे ठेवला.

"दर दहा मिनिटांनी बोलायचं. आणि गाडी बंद पडली तर…"

"गाडीपाशीच बसायचं, चालत सुटायचं नाही. पाळण्यात ऐकलंय, डॅड."

मर्व्ह उठून बाहेर गेला. मटण तव्यातच करपलं.

२

गाडी ताडपत्रीखाली होती. साधी, जुनी, किकची. बॅटरी नाही, काटे नाहीत, पेट्रोल किती उरलं ते दाखवणारंही काही नाही. टॅमसिनला वाटलं होतं गंजलेला सांगाडा असेल. पण टायरमध्ये हवा होती, साखळीला तेल होतं, आणि टाकीतल्या पेट्रोलचा वास ताजा होता.

"दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो ती पाच मिनिटं चालू करतो," शेडच्या दारातून बेरिल आत्या म्हणाली. "इथेच. मग बंद करतो आणि हात धुतो."

"लेनी काका गेल्यापासून? तेहतीस वर्षं?"

"तुझ्या आईशी लग्न व्हायच्याही आधीपासून."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

"तू रविवारी दहापर्यंत झोपायचीस, राणी."

टॅमसिनने तोवर कार्ब्युरेटर उतरवला होता. त्यातला बारीक भोकाचा जेट तोंडाने फुंकून उजेडाला धरला, पाइप तपासला, पेट्रोलच्या कॉकची जाळी धुतली. पेट्रोलचा रस्ता साधा असतो: टाकी, कॉक, पाइप, कार्ब्युरेटर. कुठेतरी अडतं. कुठे ते शोधायचं. तिला असली कामं आवडायची, त्यात कुणी विषय संपवत नाही.

एक गोष्ट तेवढी खटकली. कॉक बंद नव्हता, 'रिझर्व्ह'वर होता.

"डॅड, तू गाडी ठेवताना कॉक रिझर्व्हवर ठेवतोस?" तिने अंगणात ओरडून विचारलं.

"बंद ठेवतो," मर्व्हचा आवाज आला. "नेहमी बंद." थोडं थांबून त्याने विचारलं, "का?"

"काही नाही."

माणूस विसरतो. बासष्ट वर्षांचा माणूस तर हमखास. तिने कॉक बंद केला आणि आत्याला विचारलं, "लेनी काकाचं नेमकं काय झालं होतं? 'गेला बिचारा' सोडून दुसरं सांग."

बेरिल आत्याने एप्रनला हात पुसले. "वाळूचं वादळ होऊन गेलं होतं. तो बारा मैलांच्या पाणवठ्याकडे निघाला आणि आला नाही. आम्ही दक्षिणेच्या कुंपणाकडे शोधत बसलो, तो तिकडे जाणार म्हणाला होता. तिसऱ्या दिवशी मर्व्हला सापडला. गाडीच्या सावलीला बसलेला. नियमच होता ना, गाडी सोडायची नाही. टाकीत थेंब नव्हता."

"पेट्रोल न बघताच निघाला?"

"लेनीला गाडी पळवता यायची, सांभाळता यायची नाही. चोवीस वर्षांचा होता." ती जायला वळली. "तुझ्यासारखाच. सगळ्याची घाई."

३

बुधवारी सकाळी गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. टॅमसिनला हसू आलं. लाल मातीची वाट, मग खुरटी झुडपं, मग गोट्यांचं सपाट माळरान. ना झाड, ना खडक, कंबरेएवढीही उंच वस्तू नाही. मनगटावरच्या घड्याळात एकोणीस मिनिटं झाली आणि गाडी खोकली. तिने सवयीने डावा हात खाली नेऊन कॉक रिझर्व्हवर फिरवला. गाडी दोनदा गचकली आणि मेली.

शांतता इतकी होती की तापलेल्या इंजिनचा टिकटिक आवाज मोठा वाटला.

टाकी हलवली. पेट्रोल भरपूर होतं. पाइप काढला. धार आली, बारीक झाली, थांबली. म्हणजे टाकीतून येतच नव्हतं. तिने झाकण फिरवलं आणि टाकीने श्वास घेतला.

लांब, आत ओढलेला श्वास. पाण्यात बुडालेला माणूस वर येऊन घेतो तसा. टॅमसिनचा हात मागे आला. मग तिच्यातली कॉलेजात शिकलेली मुलगी जागी झाली. झाकणाला हवेचं बारीक छिद्र असतं. ते बुजलं की पेट्रोल खाली जाईल तशी टाकीत पोकळी होते, आणि शेवटी पेट्रोल उतरायचंच थांबतं. झाकण उघडलं की हवा आत शिरते. आवाज होणारच.

फक्त तो जरा जास्त वेळ चालला. टाकी आठ लिटरची होती.

झाकणाच्या आतल्या बाजूला, छिद्रात, काहीतरी पिवळट दाबून बसवलेलं होतं. तिने नखाने खरवडून हुंगलं. कपड्यांचा साबण. तारेने टोकरून तिने छिद्र मोकळं केलं, तोंडाने फुंकून बघितलं, आणि गाडी पहिल्या किकला सुरू झाली.

पाणवठ्यावर फ्लोटचा दांडा झिजून मोडायला आला होता. हौदात जेमतेम वीतभर पाणी, भोवती मेंढ्यांची दाटी. तिने दांडा तारेने बांधला. उद्यापर्यंत तग धरला असता, पुढे नाही. उद्या नवा दांडा घेऊन यावंच लागणार होतं.

रेडिओवर मर्व्ह एकच प्रश्न विचारत होता. "वाटेत कुठे थांबलीस?"

"माळरानावर. मिनिटभर."



४

"टाकीच्या झाकणात साबण कुणी कोंबला?" तिने दुपारी जेवताना विचारलं.

बेरिल आत्याने सहज उत्तर दिलं. "वादळात सगळेच लावायचे. लाल धूळ पिठासारखी असते, त्या छिद्रातून टाकीत जाते. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही ना. वादळ सरलं की काढून टाकायचा."

"आणि काढायला विसरलं तर वीस मिनिटांत गाडी बंद." टॅमसिनने काटा खाली ठेवला. "आज बंद पडली तशी. म्हणजे लेनी काकाच्या झाकणातही…"

 छताचा पंखा फिरत होता.

"पण मग टाकी रिकामी कशी?" ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "साबणाने बंद पडली असती तर टाकीत पेट्रोल उरलं असतं. आणि पेट्रोलच संपलं असेल तर साबणाचा संबंध नाही. दोन्ही एकदम कसं?"

मर्व्हने ताट सरकवलं. त्याचे हात टेबलाखाली गेले.

"डॅड?"

"विषय…" तो म्हणाला आणि पुढचा शब्द त्याला सापडला नाही. काठी न घेताच, भिंतीला धरत धरत तो खोलीत गेला.

"काय मुलगी आहेस!" बेरिल आत्या दबक्या आवाजात म्हणाली. "माणसाच्या जखमेत बोट घालून बघतेस, किती खोल आहे ते."

"झाकून ठेवली तर ती बरी होते का आत्या? तेहतीस वर्षं झाली."

संध्याकाळी उजेड असतानाच तिने गाडी शेडमध्ये लावली, कॉक बंद केला, आणि कोण फिरवतंय ते कळावं म्हणून त्याला सुतळीचे चार वेढे घालून गाठ मारली. शेडला कुलूप लावलं. किल्ली स्वतःच्या बुटात ठेवली.

सकाळी किल्ली बुटात होती. कुलूप जागेवर होतं. सुतळीही कॉकवर होती, गाठीसकट, चार वेढ्यांसकट. आणि सुतळीखाली कॉक रिझर्व्हवर होता.

लाकूड रात्री आकसतं, लोखंड आकसतं, सुतळी सैल पडते. तिने स्वतःला हे सगळं नीट सांगितलं. मग सुतळी कापली आणि किक मारली. मेंढ्यांना तिच्या शंकांशी काही देणंघेणं नव्हतं.

५

एकोणीस मिनिटं.

या वेळी तिने घड्याळ बघितलंच नव्हतं. गाडी खोकली तेव्हा बघितलं.

त्याच माळरानावर, कालच्या तिच्याच बुटांच्या ठशांवर. तिने झाकण काढलं. श्वास आला नाही. छिद्र उजेडाला धरलं. पलीकडचं आकाश दिसत होतं. झाकण खिशात टाकलं, म्हणजे पोकळीचा प्रश्नच मिटला. पाइप काढला. पेट्रोलचा थेंबही नाही. उघड्या टाकीत अर्ध्यापर्यंत पेट्रोल चकाकत होतं आणि खाली उतरत नव्हतं.

कचरा असेल. जाळीत काहीतरी अडकलं असेल. ती उन्हाच्या बाजूला गुडघे टेकून कार्ब्युरेटरची वाटी सोडवायला लागली. गाडीची सावली पलीकडे पडली होती, माणूस जेमतेम पाय दुमडून बसेल एवढी. कॉकही पलीकडेच होता.

टक.

इंजिन निवतंय, तिला वाटलं.

टक. मग सेकंदभर काही नाही. मग पुन्हा टक.

निवणारं इंजिन ठेका धरत नाही. हा आवाज तिला माहीत होता. या गाडीवर बसलेल्या कुणालाही माहीत असता. कॉक चालू. थांबून बघायचं. रिझर्व्ह. थांबून बघायचं. बंद. पुन्हा चालू.

तिने मान वर केली नाही. टाकी आणि इंजिनमधल्या बोटभर फटीतून समोर जेवढं दिसलं तेवढंच दिसलं. दोन बोटं. नखं काळी, कडा चिरलेल्या, कातडी वाळलेल्या मातीसारखी भेगाळलेली. बोटं कॉकवर होती. ती अजिबात घाईत नव्हती. ती फिरवत होती, थांबत होती, वाट बघत होती.

 टॅमसिनला ओरडावंसं वाटलं, पण भीतीबरोबर दुसरंही काहीतरी वर आलं आणि त्याने ती ओरड अडवली. त्याला कळत नव्हतं. त्याला अजूनही कळलं नव्हतं, काय बिघडलंय ते. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

६

"डॅड." तिने रेडिओ तोंडाशी धरला. "मी माळरानावर आहे. गाडी बंद पडलीय."

"छिद्र?"

"मोकळं आहे. डॅड, कॉक फिरतोय. मी फिरवत नाहीये."

रेडिओवर नुसती खरखर आली. तिला वाटलं, आता तो म्हणेल ऊन लागलंय, पाणी पी. तो म्हणाला, "कसा बसलाय?"

"पलीकडे. सावलीला."

"चाकाला पाठ टेकून," मर्व्ह म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "डावा पाय पोटाशी घेऊन."

"तू सांग त्याला, डॅड. मी नाही सांगणार. माझं काम नाही ते."

"टॅम, निघ तिथून. चालत निघ."

"पेट्रोलच येत नाही, आणि तीनशे चाळीस मेंढ्या हौदापाशी उभ्या आहेत. आणि तो इथे तेहतीस वर्षं तुझं ऐकून बसलाय, गाडी सोडू नकोस म्हणून! सांग त्याला!"

तिने रेडिओ गाडीखालून, इंजिनच्या बाजूने, हात जाईल तेवढा पलीकडे सरकवला. हात सावलीत गेला आणि तिथे गार नव्हतं. भट्टीच्या तोंडाशी धरल्यासारखा तो भाजला. तिने हात मागे ओढला आणि डोळे मिटले.

 मग तिच्या बापाचा आवाज, तिने कधीच न ऐकलेला, पोरगेला.

"लेनी. झाकण उघड, गाढवा. कॉक नाही. झाकण. साबण मी लावला होता. वादळ होतं ना… काढायचा राहिला. तुला सांगायचं राहिलं."

टक थांबलं.

वारा नव्हता, माशा नव्हत्या.  मग रेडिओ पुन्हा बोलला. मर्व्हच होता.

"टॅम? आत्ता काय म्हणालीस?"

रेडिओ पलीकडे पडला होता. बोलायचं तर बटण दाबून धरावं लागतं. ती हलली नाही.

"टॅम, तू बोललीस ना? तूच विचारलंस ना?" त्याचा श्वास धापेसारखा येत होता. मग तो बोलायला लागला तेव्हा टॅमसिनशी बोलत नव्हता. "ओतलं. हो. मीच ओतलं. अर्धी टाकी भरलेली होती. झाकण उघडलं, आत हवा गेली, आणि कळलं मला. इन्स्पेक्टर यायच्या आत ओतून टाकलं जमिनीवर. आई होती रे तेव्हा. तिला काय सांगणार होतो? पेट्रोल संपलं म्हटलं की तुझी चूक होत होती. तुझं तू बघितलं नाहीस, एवढंच. भीती वाटली मला, लेनी."

खरखर बंद झाली.

उघड्या पाइपातून पेट्रोलची धार लागली आणि टॅमसिनच्या गुडघ्यावर सांडली.

तिने पाइप जोडला. वाटी घट्ट केली. वळसा घालून पलीकडे गेली तेव्हा तिथे रेडिओ होता आणि सावली होती. रेडिओ आता कितीही वेळा हाक मारली तरी उत्तर देत नव्हता.

७

नवा दांडा बसवायला पाऊण तास लागला. हौदात पाणी धो धो पडायला लागलं, मेंढ्या एकमेकींच्या पाठीवर चढल्या, आणि एक म्हातारी मेंढी पिऊन झाल्यावर टॅमसिनच्या मांडीला तोंड पुसून गेली. टॅमसिन तिथेच बसून थोडी रडली. मग उठली, कारण घरून कुणी बोलत नव्हतं.

येताना माळरानावर ती थांबली नाही. वेगही कमी केला नाही. पण तिथून पुढे गाडी जड झाली. चौथ्या गिअरमध्ये ओढेना, तिसऱ्यात घ्यावी लागली. समोरून वारा असेल. मागचे स्प्रिंग प्रत्येक खड्ड्यात तळाला लागत होते, जुनेच होते. तिने आरशात बघायचं टाळलं, मग आठवलं की या गाडीला आरसे नाहीत.

घरापासून चार किलोमीटरवर वाटेच्या मध्यभागी कुणीतरी उभं होतं.

मर्व्ह. डोक्यावर टोपी नाही, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पाण्याचा पाच लिटरचा कॅन. त्या खुब्याने तो इथवर चालत आला होता. शर्ट घामाने काळा झाला होता.

टॅमसिनने गाडी त्याच्याजवळ थांबवली. "डॅड, वेड लागलंय का तुला? या उन्हात? रेडिओ का नाही…"

तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या खांद्यावरून मागे बघत होता, आणि त्याचा चेहरा असा झाला होता की तिचं वाक्य तोंडातच राहिलं. त्याने काठी टाकून दिली. दोन्ही हातांनी कॅनचं झाकण फिरवलं. मग एका हाताने गाडीचं हँडल धरलं आणि दुसऱ्या हाताने कॅन पुढे केला. तिच्यासमोरून नाही. तिच्या खांद्यावरून, मागे.

तो बराच वेळ तसाच उभा राहिला. भरल्या कॅनच्या वजनाने त्याचं मनगट खाली गेलं होतं, शिरा ताणल्या होत्या. टॅमसिन त्या मनगटाकडेच बघत राहिली. मान वळवायची नाही, एवढं एकच तिला कळत होतं.

मनगट हळूहळू वर येऊ लागलं.

जमिनीवर एक थेंबही पडला नाही. तिच्या कानाशी, अगदी जवळ, कोरडा घसा काहीतरी गिळत होता.

"सावकाश, लेनी," तिचा बाप म्हणाला. "सावकाश पी. भरपूर आहे."